लीलाताईचा दमा

"आधी माझं पूर्ण ऐकून तर घ्या." लीलावती काळमेघ हे उठताबसता म्हणे. म्हणे, आणि बोलणं तिथंच तुटे. कारण तोवर तिचा थोरला भाऊ जयंता तिच्या वतीनं उरलेलं बोलून मोकळा झालेला असे.

भोपाळच्या कारखान्यात दोघंही नोकरीला. तो फोरमन, सगळ्यांचा 'जयंतराव'; ती स्टेनो. टाउनशिपमधलं क्वार्टर त्याच्या नावावर, म्हणून घरात शब्दही त्याचाच. पत्रिकेत मंगळ कडक निघाला तेव्हा शाळकरी लीलावतीच्या बोटात वडिलांनी पोवळ्याची अंगठी घातली. लग्न काही झालं नाही. अंगठी मात्र बोटात रुतून बसली. त्या लाल खड्याकडे बघताना तिला एकच वाटे, की हे म्हणे समुद्रात जिवंत असतं, वाढतं. तर एकदा ते जिवंतपणी बघायचं.

एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास-सवलतीवर, भाऊ-वहिनी आणि कारखान्यातल्या काही जणांबरोबर अंदमानला जायचं ठरलं आणि पन्नाशीकडे झुकलेली ही बाई टाउनशिपच्या तलावात बायकांच्या वेळेला पोहायला शिकू लागली. नाकातोंडात पाणी गेलं, शेजारणी हसल्या. तिनं उन्हाळाभर पाणी सोडलं नाही.

बेटाजवळच्या त्या जागेला नाववाले 'बगीचा' म्हणत. नावेतून वाकून पाहिलं की खाली पोवळ्यांचं रान दिसे. कुठं सांबराच्या शिंगांसारखं, कुठं उघडलेल्या पंख्यासारखं, जांभळं, पिवळं, कोवळं. मधूनच माशांचा थवा वळे आणि सगळं पाणी एकदम उजळून जाई.

पाण्याखाली नेणाऱ्या पोरानं आधी जयंतरावांना विचारलं. बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हटल्यावर तो म्हणाला, "अंकल, फिर आप नहीं." जयंतराव मुकाट बाकावर बसले. मग पाळी लीलावतीची. काळा रबरी पोशाख तिनं अंगावर चढवलाही होता.

"दीदी को कोई तकलीफ?"

तिनं तोंड उघडलं, तोच बाकावरून आवाज आला, "दमा है इसको. बचपन से."

तिला साधा खोकलासुद्धा कधी टिकला नव्हता. "आधी माझं ऐका," ती म्हणाली. पण श्वासाच्या बाबतीत तो पोरगा ऐकणार नव्हता. पोशाख उतरला. बाकीची मंडळी एकेक करून बगीच्यात उतरली आणि ती भावाशेजारी बसून त्यांचे बुडबुडे बघत राहिली.

टाउनशिपची रीत अशी, की एलटीसीहून आलं की शेजाऱ्यांना पोहे-जलेबी खाऊ घालायची आणि फोटो दाखवायचे. रविवारी सकाळी क्लबात सगळे जमले. बरोबर आलेला बाळकृष्ण रंगात आला होता. पाण्याखाली अंगठा वर केला की 'मला वर न्या' असा अर्थ होतो, हे तो विसरला होता. "मासा आवडला की मी अंगठा दाखवायचो, की ते मला वर आणायचे. मैं तो लिफ्ट में ही था, भाई."

हशा ओसरला तसं कुणीतरी विचारलं, "लीलाताई, तुम्ही उतरलात की नाही?"

"ती कसली उतरते," जयंतराव म्हणाले. "पाणी बघूनच थरथरायला लागली. मग मीही थांबलो. म्हटलं, बिचारीला सोबत."

 खोटा दमा लीलावतीनं गिळला होता. ही खोटी भीती मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

"दादा, मला दमा कधी झाला?"

"बस खाली. पोहे गार होतायत."

"तुला उतरू दिलं नाही, म्हणून मला दमा झाला. तू बाकावर बसलास आणि मला झाला."

"लीला, चारचौघांत काय हे?"

"भित्री मला चारचौघांतच केलीस ना? वहिनी, तुम्ही नावेत होतात. सांगा."

मंदाकिनी वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "ह्यांचं बीपी होतं," त्या हळूच म्हणाल्या. "लीलाला काही नव्हतं."

"अहो, काळजीपोटी म्हणाले असतील," बाळकृष्ण मध्ये पडला.

"काळजी कुणाची? बहीण खाली आणि आपण बाकावर, हे लोकांनी पाहू नये याची?" तिचा आवाज चढला नाही, तो जड झाला. "दादा, पुढच्या वेळी मी एकटी जाणार. माझ्या नोकरीची एलटीसी आहे, तुझी मेहेरबानी नव्हे. माझ्या छातीत काय आहे ते तिथं मीच सांगेन."

जयंतरावांनी पोह्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. 

ती उन्हात बाहेर पडली आणि निलगिरीच्या झाडांखालून, पदर खोचून, मधल्या रस्त्यानं चालू लागली. मंदाकिनी वहिनी जलेबीचं ताट हातात घेऊन दारात आल्या, आणि वळणाआड ती दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. आतून जयंतराव हाका मारत होते. वहिनींनी मागे वळून पाहिलं नाही.