लेकीच्या घरचं जेवण आणि डुकराची किडनी

आमच्या ह्यांनी डुकराच्या किडनीचा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा मी दुधी उकळत होते. डायलिसिसच्या माणसाची भाजी उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि उरलेल्या चोथ्याला फोडणी घालायची, अशी आमच्याकडे आता रीतच झालीय. फोन माझ्या नाकासमोर धरून हे म्हणाले, "बघ, परदेशात माणसाला डुकराची किडनी बसवली. कसा चालतोय बघ!"

"बघितलं. हात धुवा आता, जेवायला वाढतेय."

मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून बघत असतील. पण रोज तेच सुरू झालं. त्या डुकरांना किती स्वच्छ ठेवतात, माणसाला चालावं म्हणून त्यांच्यात जन्माआधीच काय काय बदल करतात, सगळं मला पाठ झालं. आयुष्यात कधी डुकराकडे धड बघितलं नव्हतं मी. आमच्या सिल्व्हर पार्कातल्या इमारतींत कुठली आलीयेत डुकरं!

ह्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. आठवड्यातून तीनदा आम्ही रिक्षा करून डायलिसिस सेंटरला जातो. माझी द्यावी म्हणून मी गेले होते, चांगली साडी नेसून, पण तपासणीत साखर निघाली आणि मी बाद. ह्यांचं नाव किडनी मिळण्याच्या यादीत आहे, यादी हलत नाही. आणि आता हातातली शीर, जिच्यातून रक्त काढतात आणि परत सोडतात, तीही दमत चाललीय.

अशात लेकीनं आम्हाला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. जुळतंय म्हणाले. ती भाईंदर पूर्वेला राहते. धावत आली, चप्पल न काढता आत, आणि म्हणाली, "बाबा, माझी घ्या."

हे शांतपणे म्हणाले, "तुझी कशाला? डुकराची येतेय ना."

आता ह्यांचं एक सांगायला हवं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही जुनी रीत ह्यांनी घट्ट धरलेली. लग्नाला सात वर्षं होत आली, मूल नाही. हे तिच्याकडे जातात, पंख्याखाली बसतात, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पितात आणि उठतात. जावई पहिल्यांदा रुसले, मग म्हणायला लागले, "बाबांसाठी खुर्ची ठेवा, ताट नको." जो माणूस तिच्या घरचा चहा घेत नाही, तो तिच्या पोटातली किडनी घेईल?

सेंटरला ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर उत्तनचे एक ख्रिस्ती काका असतात. दोघांची यंत्रं घुं घुं करत असतात आणि दोघांच्या गप्पा. ह्यांनी त्यांनाही व्हिडिओ दाखवला. काका हसले.

"आमचे घरी डुकरं होती. नाताळाला कापायची. बापूस म्हणायचा, त्याचे डोळ्यात बघू नको."

"मग तुम्ही घेणार?"

"मी न्हाय. खाल्ला तो वेगळा. आता त्याला पोटात घेऊन फिरू? त्याला कोन विचारते, देतो काय म्हणून?"

ह्यांना राग आला. त्या दिवशी डॉक्टरीण फेरीला आली तशी तिलाच विचारलं, "आपल्याकडे कधी?"

ती आमच्या लेकीच्याच वयाची. खुर्चीजवळ वाकून म्हणाली, "काका, प्रयोग आहे तो अजून. काहींचं बरं चाललं, काही फार जगले नाहीत. तिकडे तसं आधी सांगूनच करतात."

"मलाही सांगा. मी सही करतो."

"सही करायला आपल्याकडे कागदच नाही, काका."

मी बाकावरून ऐकत होते. ज्याचं गळ्याशी आलंय तो कशावरही सही करेल, त्याच्या हो म्हणण्याला हो तरी कसं म्हणायचं? आणि नाही तरी कोणी म्हणायचं, ज्याच्या किडन्या शाबूत आहेत त्यानं? मला यातलं काही सुटत नाही. मी फक्त दुधी उकळते.

रिक्षात मात्र राहवलं नाही. "डुकराला कोणी विचारत नाही म्हणून त्याची चालते. पोरगी तोंडानं देतेय, तर ती नको!"

ह्यांनी रिक्षाचा पडदा सारखा केला. मग म्हणाले, "अगं, तिला अजून मूल व्हायचंय."

"होतात मुलं. डॉक्टरीण म्हणाली ना, जपावं लागतं पण होतात."

"जपावं लागतं, हेही म्हणाली."

तेच माझ्याही मनात होतं. बायको म्हणून मला ती किडनी हवी होती आणि आई म्हणून ती जागची हलू नये असं वाटत होतं. दोन्ही एकाच डोक्यात.

गेल्या रविवारी हे अचानक म्हणाले, "पोरीला कळव, जेवायला येतो."

तिनं काय केलं असेल! भाज्या उकळून पाणी टाकलेलं, मीठ बेताचं, पाण्याचं भांडं मापाचं. सगळं मला फोनवर विचारून. हे पाटावर बसले, दीड पोळी खाल्ली, वर थोडा भात मागितला. जावई म्हणाले, "बाबा, आज खुर्ची वाया गेली." सगळे हसले. लेक ओट्याकडे तोंड करून उभी होती, तिच्या पाठीवरून मला कळलं ती रडतेय.

उतरताना जिन्यात ह्यांनी माझा हात धरला. "झालं. तिच्या घरचं जेवलो. आता तिच्या मनात राहायला नको की बापानं तिचं काहीच घेतलं नाही."

"आणि किडनी?"

"ती नाही. तूच सांग तिला, मला जमणार नाही."

"आणि तुमचं ते डुकराचं?"

"ते येईल तेव्हा येईल गं," म्हणाले. त्यांनाही माहीत आहे. मला वाटतं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लेक आज ना उद्या स्वतःची देते म्हणणार, तेव्हा तिला नाही म्हणायला काहीतरी पुढे करायला हवं होतं.

रिक्षा मिळेपर्यंत फोन वाजलाच. "आई, बाबा जेवले गं! म्हणजे आता घेतील ना? मी उद्या डॉक्टरांची वेळ घेऊ?"

हे माझ्याकडे बघत होते. रस्त्यावर इतका गोंगाट होता की मी ऐकू आलं नाही म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"आई? ऐकतेयस ना?"

"हो गं," मी म्हटलं. "ऐकतेय."