जिती पाटलाची, मेली उकंडाची

रोज सकाळी उकंडा मनवर माह्या दुकानावरून जाते. खांद्यावर कुऱ्हाड, धोतर गुडघ्यापर्यंत, चाल अजून ताठ. मी नालबंद. बैल पाडून त्याच्या पायाशी बसलेला असतो, म्हणून मले आधी उकंडाचे पायच दिसतेत. मंग मी वर पाह्यतो. तो पाह्यत नाही.

लोक विचारतेत, "जलालमिया, तुमची दोघाची तं लय दोस्ती होती, काय बिनसलं?" मी म्हणतो, तुम्ही आपलं काम पाहा ना भाऊ. माहं डोकं लवकर तापते, हे गावाले ठाऊक हाय, मंग कोणी पुढं विचारत नाही. पण अनवरी, माही बायको, म्हणते का एकदा सांगून टाका, नाही तं पोटात सडन ते. तिच्यासाठी सांगून राह्यलो. तुमच्यासाठी नाही.

उकंडाच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथा हा. मायनं त्याले जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवलं आन् नाव उकंडा ठेवलं, म्हणजे वरच्याले वाटावं का हे टाकून देलेलं पोर हाय, ह्याले नेऊन काय करावं. जगला बेटा. बापाच्या मागं गावची मेलेली ढोरं वढायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. बैल मेला का पाटलाचा गडी पुऱ्यात, गावाबाहेरच्या त्याच्या लोकाईच्या वस्तीत, येऊन वरडे, आन् उकंडा दोर घेऊन निघे. गावचा नेम असा होता, जितं जनावर मालकाचं, मेलेलं ह्या लोकाईचं. कातडं त्याईनंच काढायचं.

वीस वर्षं त्यानं हे केलं. सोलता सोलता त्याले जनावराच्या अंगातलं हाडन् हाड पाठ झालं. मी सात पिढ्यांचा नालबंद, पण खुराच्या वर मले कायबी कळत नाही. लंगडा बैल आला का मी उकंडालेच बोलावत जावो. तो हात फिरवे आन् म्हणे, "जलालभाई, खुर सोडा, ह्याचा खांद्याचा सांधा दुखून राह्यला." तसंच निघे. मंग आम्ही दोघं चहा पेत बसत होतो, एकाच कपबशीतून, आन् ज्याले पाह्याचं त्यानं पाह्यावं.

छप्पन सालच्या दसऱ्याले तो नागपूरले गेलता. दीक्षा घेऊन आला. आल्यावर सगळ्या पुऱ्यानं ठरवलं, ढोरं वढणं बंद. उकंडानं तो जुना दोर चुलीत घातला. रुखमाबाईनं, त्याच्या बायकोनं, त्याच विस्तवावर पाणी तापवून लेकराईले आंघोळी घातल्या. पाटलाले जोहार घालणंही त्यानं सोडलं. रामराम म्हणे, बस. देवराव पाटलाच्या पोटात तवापासून दुखत होतं.

आता घोडीचं सांगतो. ती म्हाताऱ्या पाटलाची, देवरावच्या बापाची. पारव्याच्या रंगाची, म्हणून नाव पारवी. म्हातारा तिच्यावर बसून महागावच्या बाजाराले जाये. म्हातारा गेला, देवरावनं फटफटी घेतली, आन् घोडी गोठ्यामागं बांधली ती बांधलीच. दोन वर्षं कोणी तिचा दोर सोडला नाही. दोन वर्षं मले कोणी तिच्या खुरासाठी बोलावलं नाही, आन् मीही आपण होऊन गेलो नाही. हे माहं पहिलं पाप, ध्यानात ठेवा.

अठ्ठावनच्या चैतात गड्यानं तिले नाल्याकडे हाकलून देलं. तिथं ती पडली. पाटलानं पुऱ्यात निरोप धाडला का घोडी मेली, वढून न्या. उकंडानं सांगितलं, आमचं ते काम बंद हाय. पण दिवस बुडता बुडता जंगलातून लाकडाची मोळी घेऊन येताना त्याले दिसलं का एक कावळा तिच्या डोळ्यावर चोच मारून राह्यला, आन् घोडी कान हलवून राह्यली.

दुसऱ्या दिवशी देवराव पाटील माह्या दुकानावर उभा होता. त्याच्या बैलाले मी नाल ठोकून राह्यलो होतो. उकंडा आला.

"पाटील, घोडी जिती हाय."

"जिती असो का मेली, मले काय करायची?" पाटील म्हणाला. "तुलेच देली. ने घरी, पूजा कर तिची."

"आज देली म्हणता, उद्या मागसान."

पाटील खदाखदा हसला. "अबे उकंड्या, त्या हाडकाले मी मागीन? देली म्हणजे देली. हा जलाल साक्षीले हाय. काय जलाल, आयकलं ना?"

माह्या तोंडात खिळे होते. मी मान हलवली. तोंडात खिळे होते, कानात नव्हते.

चौघांनी मिळून घोडी बैलबंडीत घातली आन् उकंडाच्या दारात आणली. काय तिची दशा! पाठीवर हाताएवढी जखम, तिच्यात अळ्या वळवळत होत्या. पुढच्या पायाचा दोर मांसात रुतलेला. खुर वाढून जुन्या जोड्यासारखे वर वळले होते. मी म्हटलं, "उकंडा, मरू दे हिले. तुलेही त्रास, तिलेही." तो मले म्हणाला, "कानस आणा जलालभाई, बडबड नका करू."

आम्ही पोती शिवून झोळी केली, कडुलिंबाच्या फांदीले टांगली आन् घोडीले तिच्यात उभी केली. उकंडानं सीताफळाचा पाला वाटून जखमेत भरला, अळ्या भराभरा बाहेर पडल्या. रुतलेला दोर त्यानं कातडं काढायच्या सुरीनंच कापला, एक थेंब जास्तीचं रक्त नाही. मंग डोळे मिटून खांद्यावर हात फिरवला आन् म्हणाला, "इथं पू हाय, दोन बोटं आत." मी सुरी तापवून देली. वाटीभर पू निघाला. मी सरकीची ढेप आणलती खाऊ घालाले, तं त्यानं माह्या हातातून हिसकली. "उपाशी जनावराले एकदम खाऊ घालाल तं आतडं पिळते. मी आतून पाह्यलं हाय." ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील, तीही पसापसानंच, दिवसातून आठ बार.

रुखमाबाई कावली. "लेकराच्या तोंडची आंबील घोडीले पाजून राह्यले! आता तिलेच लुगडं नेसवा, आन् मले पाठवा माहेरी!" तोंड सुरू आन् हात आंबील हाटून राह्यला, अशी ती बाई. चौथ्या दिवशी मी गेलो तं घोडीचं डोकं खांद्यावर घेऊन हीच उभी, डोळ्यावरच्या माशा हाकलत.

सतराव्या दिवशी झोळी सैल केली. घोडी थरथरली, खाली बसते का काय असं वाटलं, पण उभी राह्यली. चार पायावर, आपल्या आपण. उकंडा ढसाढसा रडला. बाप मेला तवाही मी त्याले रडताना पाह्यलं नव्हतं. मले म्हणाला, "वीस वर्षं मी मेलेलंच घरी आणलं, जलालभाई. हे पहिलं जितं."

दिवाळीपर्यंत पारवी अशी भरली का पाह्यत राहावं. जंगलात लाकडाले जाये तं ही त्याच्या मागं मागं, बिना दोराची. गळ्यात दोर त्यानं कधी घातलाच नाही. आन् एक दिवसही तिच्यावर टांग टाकली नाही. मी चिडवत होतो, "बस ना एकदा, राजा दिसशीन!" तो म्हणे, "पाठीचं कातडं कोवळं हाय अजून. पुढच्या दिवाळीले पाहू." मोळीसुद्धा स्वतःच्याच डोक्यावर आणे, घोडी मोकळी. लोक हसत होते. हसू द्या.

एकोणसाठच्या वैशाखात देवराव पाटलाच्या धाकट्या भावाचं लगन निघालं. पुसदच्या सोयऱ्यांनी सांगितलं, नवरदेव घोडीवर पाह्यजे, फटफटीवर नाही. गडी उकंडाकडे आला, म्हणाला, पाटलाची घोडी दे. उकंडा म्हणाला, "पाटलाची नाही, माही हाय. लगनासाठी मागा, मी सोता धरून आणतो. पण उसनी म्हणून मागा. आन् घंटाभर बसवा, जास्ती नाही, पाठ भरली नाही तिची."

एवढंच करायचं होतं. उसनी दे म्हणायचं. पण पाटील उकंडाजवळ उसनं मागन? त्याचं नाक खाली झालं असतं ना! त्यानं पंच बसवले.

पंच बसायच्या आदल्या दिवशी पाटील माह्या दुकानावर आला. काम काही नव्हतं. माहं दुकान त्याच्या जागेत, त्याच्या चिंचेखाली. वर पाहून म्हणाला, "सावली मस्त हाय जलाल इथं." आन् गेला. बस, एवढंच. धमकी नाही, शिवी नाही.

मारोतीच्या पारावर पंच बसले. उकंडा म्हणाला, "पाटलानं जलालभाईच्या समोर देली. त्याईले विचारा." किती भरोशानं म्हणाला! माह्याकडे पाह्यलंही नाही, एवढा भरोसा. मंग पंचांनी विचारलं. मी उभा राह्यलो.

"मले आयकू आलं नाही," मी म्हटलं. "मी ठोकाठोकी करून राह्यलो होतो."

तवा त्यानं माह्याकडे पाह्यलं. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. पाटील पंचाले म्हणाला, "घोडी मेली असती तं ह्याचीच होती, मी कुठं नाही म्हणतो? पण जितं जनावर मालकाचं, हे बापजाद्यापासून हाय." लोक हसले. पंचांनी माना डोलावल्या.

गड्यानं पारवीच्या गळ्यात दोर घातला. ती हालेच ना. तो काठीनं मारू लागला. एक, दोन, तीन. मंग उकंडा उठला. गड्याच्या हातातून दोर घेतला, काढून फेकला, आन् चालू लागला. घोडी त्याच्या मागं निघाली, रोज जंगलात जाये तशी. पाटलाच्या फाटकाच्या आत तिले सोडून तो वापस आला. सोता नेऊन देली त्यानं, कायले, तं तिले मार बसू नये म्हणून.

नवे नाल मीच ठोकले तिले. पाटलाचा हुकूम. तिनं मले ओळखलं, आपण होऊन पाय वर केला. जाऊ द्या. नवरदेव बैलासारखा जाडजूड. वरात चार घंटे फिरली, फटाके, बँड, सगळं. पाठीचं कोवळं कातडं खोगिराखाली सोलून निघालं. दुसऱ्या दिवशी घोडी वापस गोठ्यामागं. उकंडा दोनदा फाटकाशी गेला, म्हणाला, जखम तरी धुऊ द्या. आत घेतलं नाही.

साठच्या पौषात पारवी मेली. गडी पुऱ्यात निघाला तं मी त्याच्या मागंच गेलो. उकंडा दारात लाकडं फोडून राह्यला होता.

"उकंडा, तुही घोडी मेली," गडी म्हणाला. "वढून ने."

"माही कवापासून झाली?"

"मेली तवापासून." गडी मस्करी नव्हता करत. त्याले खरंच तसं वाटत होतं.

"जिती पाटलाची होती, मेलीबी पाटलाचीच," उकंडा म्हणाला. "त्याले सांग वढाले." आन् पुढचं लाकूड फोडाले घेतलं. कुऱ्हाड तेवढी दोनदा चुकली.

पुऱ्यातलं कोणीच गेलं नाही. दोन दिवस घोडी तिथंच पडून होती, कुत्रे जमले. पाटील नाकाले फडकं लावून फिरे, पण हात लावन तं बाटन ना तो! तिसऱ्या दिवशी मी माहे बैल जुंपले आन् तिले नाल्याकडे वढून नेलं. सात पिढ्यांत आमच्या घरी कोणी ढोर वढलं नव्हतं. मी वढलं. खड्डा खंदून राह्यलो तं उकंडा आला. दोराले हात लावला नाही, फावड्याले लावला नाही. डोक्याचं पांढरं फडकं सोडलं आन् कावळ्यानं टोचलेल्या त्या डोळ्यावर टाकलं. मी म्हटलं, "उकंडा, माहं चुकलं. मी खोटं बोललो." तो वळला आन् निघून गेला.

आठ वर्षं झाली. चिंच अजून हाय, सावलीही हाय, दुकान मस्त चालते. उकंडा रोज पुढून जाते. मी हाक मारतो, "उकंडा, चहा घेऊन जा." तिकडं पार चक्कीजवळून एखादं पोरगं हळूच जय भीम म्हणते, तं हा वळून जय भीम घालते. कान चांगले हायत त्याचे.

मी हाक मारायच्या आधी ठोकाठोकी बंद करतो. तोंडातले खिळे काढतो, हातोडा खाली ठेवतो. तरी त्याले आयकू येत नाही.