चहाच्या टेबलामागचे फौजी

इथे आखातात आमच्या बिल्डिंगचे वॉचमन साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं. लिफ्ट बंद पडली तरी एवढंच म्हणतात, "होईल ताई, इन्शाल्ला." ड्यूटीवरचे बाकी सगळे जेवल्याशिवाय स्वतःचा डबा उघडत नाहीत.

सव्वीस जानेवारीला ऊद मेथा भागातल्या शाळेच्या मैदानावर इथे राहणारे निवृत्त भारतीय सैनिक छोटंसं संचलन करतात. व्यवस्था माझ्याकडे असते. वॉचमन दरवर्षी येतात ते चहा करायला. पदकं खिशातच असतात.

यंदा मी म्हटलं, "रांगेत जा की."

"मी लांगरी होतो, ताई. फौजेतला स्वयंपाकी. तिथं लढलेली माणसं आहेत."

संचलन चहाच्या टेबलापाशी आलं आणि पुढचे म्हातारे सुभेदार थांबले. मागची रांगही थांबली.

"काय रे लांगरी, बर्फात आम्हाला गरम रोटी कुणी दिली? तुझ्यासारख्यांनीच ना? यल्ला, चल! तू आल्याशिवाय आम्ही हलत नाही."

वॉचमननी आधी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले. मग पदकं छातीवर लावली आणि सर्वांत शेवटी उभे राहिले. पहिल्याच पावलाला त्यांचा बूट असा वाजला, की खुर्चीत बसलेले लोक आपोआप उठले. मीही उठले.

परत आल्यावर म्हणाले, "चहा गार झाला, ताई. उकळतो."

उकळल्यावर पहिला कप मी त्यांच्याच हातात दिला.

"आधी सगळ्यांचं होऊ द्या..."

"हुकूम आहे," मी म्हटलं.

ताठ उभं राहून त्यांनी तो संपवला.