सावकाश होऊ द्या

आमच्या घरी पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी कुणी कधी खायची, हे ठरलेलं आहे. आधी बैल, मग पुरुष, मग बायका. बैल आता आमच्याकडे नाहीत, ट्रॅक्टर आहे. पण शेजारची जोडी ओवाळून घ्यायला दारात येते आणि पहिली पोळी खाऊन जाते. त्या बैलांबद्दल माझी काही तक्रार नाही. ते भराभर खातात आणि पुढच्या दाराला जातात.

तक्रार आहे ती गेल्या पोळ्याला पुण्याहून आलेल्या धाकट्या दिरांबद्दल. त्यांनी तिकडे सजग आहाराचं शिबिर केलं होतं. शुगर सासूबाईंना, शिबिर दिरांना. आमच्याकडे कामांची वाटणी अशीच असते. मोबाईल लांब ठेवायचा, घासाकडे नीट बघायचं, वास घ्यायचा आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, हे त्यांनी पंगतीला बसल्या बसल्या सगळ्यांना समजावलं. एरवी ताटातून मान वर न काढणारे आमचे हेसुद्धा भावाच्या शब्दाखातर कुरडईकडे टक लावून बसले.

आता आमच्याकडची रीत अशी, की शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पंगतीतून कुणी उठत नाही, आणि पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बायका बसत नाहीत. एरवी याचा त्रास होत नाही, कारण आमचे पुरुष एसटी सुटायला आल्यासारखे जेवतात. गुळवणीत पोळी कुस्करली, आमटीचे भुरके मारले, की चालले हात धुवायला. त्याच अंदाजाने सासूबाईंनी पुरुषांची पानं वाढताच आपली शुगरची गोळी घेऊन टाकली. गोळी घेतली की लगेच जेवायचं, असं संगमनेरच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं आहे.

मी लाटत होते, भाजत होते, आणि बाहेर डोकावून बघावं तर भाऊजींच्या ताटात अर्धी पोळी तशीच.

"वहिनी," डोळे मिटूनच ते म्हणाले, "पुरणात जायफळ असतं ना? मला आज पहिल्यांदा कळलं बघा."

"कळलं ना? मग गिळा आता," हे अगदी ओठांवर आलं होतं. पण जेवणाऱ्याला काय म्हणायचं ते लहानपणापासून अंगात मुरलेलं.

"सावकाश होऊ द्या," मी म्हटलं.

आत आले तर सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. कपाळावर घाम, हातातली तुपाची वाटी थरथरत होती.

"आई, तुम्ही खाऊन घ्या बरं."

"न्हाई गं. पोरं जेवत्यात अजून. सणासुदीचं आधी कसं खायचं? पंगत उठू दे."

"पंगत आज उठायची नाही."

"किती राहिलंय त्याचं?"

"निम्मी पोळी."

"मग झालंच की," त्या म्हणाल्या, आणि वाटी त्यांच्या हातून निसटली. तूप फरशीवर पसरलं, तरी त्या नुसत्या बघत राहिल्या. एक थेंब वाया जाऊ न देणारी बाई ती! मला धडकी भरली, आणि त्याहून जास्त राग आला. तव्यावरची पोळी उतरवून मी ताटात त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"खा. नाहीतर मी बाहेर जाऊन भाऊजींच्या समोरचं ताट उचलते."

जेवत्या माणसाचं ताट काढून घेणं हे महापाप, आणि माझा स्वभाव त्यांना ठाऊक. त्यांनी मुकाट्याने एक घास तोंडात टाकला आणि लगेच तोंडावर हात धरला. डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?"

"भाजलं की गं तोंड."

मग फुंकर घालून दुसरा घास. मग तिसरा. हळूहळू हाताची थरथर थांबली, घाम ओसरला, आणि मला हायसं वाटलं. उरलेली पोळी त्यांनी बोटांनी जरा दाबून पाहिली.

"इतकी मऊ असती व्हय गं, गरम असल्यावर?"

मी पुढची पोळी तव्यावर टाकली. त्यांचा सगळा जन्म या चुलीपुढे पोळ्या भाजण्यात गेला होता.

"अगं, पोळी आण," बाहेरून ह्यांची हाक आली. "गरम आण."

तव्यावर एक फुगली होती. तिच्यावर तूप सोडून ती मी सासूबाईंच्या ताटात वाढली.