मिस हळू धावू लागल्या तेव्हा

रविवारी पहाटे खालून सायकलची घंटा वाजली तेव्हा मी जागीच होते. दोन वर्षं दर रविवारी ती वाजायची आणि आईची झोप मोडू नये म्हणून मी बूट हातात घेऊन जिना उतरायचे. पण काही आठवड्यांपासून ती बंद होती, त्या रविवारी वाजायचं काही कारण नव्हतं. सावंत मिस हॉस्पिटलात होत्या. गॅलरीतून वाकून पाहिलं तर त्यांचे यजमान, ज्यांना मी काका म्हणते, सायकल धरून उभे होते. वर बघून ते म्हणाले, "गेली गं." आवाज न चढवता, शेजाऱ्याला निरोप द्यावा तसं. मी खाली गेले, आणि गेल्यावर लक्षात आलं की सवयीनं पायात बूट घातलेत. काका रात्रभर हॉस्पिटलात होते. स्टेशनजवळ ठेवलेली सायकल घेऊन घरी जायच्या आधी ते इकडे आले होते. "माझ्या आईला अजून सांगितलं नाही," ते म्हणाले. "तिला सांगितलं की घर भरेल. म्हटलं आधी तुला..." दूधवाला आला, त्याला वाट द्यायला काकांनी सायकल बाजूला घेतली.

याला आता दीड महिना झाला. मी मुलुंडच्या एका इंग्रजी शाळेत शिकले आणि सावंत मिस आम्हाला पीटी शिकवायच्या. वर्गात त्या इंग्रजीतली ठरलेली चार वाक्यं बोलायच्या. मैदानावर मात्र मुख्याध्यापिकेच्या खिडकीकडे पाठ करून खास मालवणी हेलात सुरू व्हायच्या. "काय गो चेडवा, पाय उचल की जरा, रांगोळी काढतंस काय?" मी कुणाच्या लक्षात राहण्यासारखी मुलगी नव्हते. खेळात नव्हते, वक्तृत्वात नव्हते. फक्त मैदानाला फेऱ्या मारायला लावत तेव्हा मी सगळ्यांच्या मागे सुरुवात करायचे आणि बाकीच्या दमून बसल्या तरी धावत राहायचे, कारण थांबलं की कुणाशी तरी बोलावं लागायचं. हे मिसनी पाहून ठेवलं होतं हे मला खूप उशिरा कळलं.

शाळा सुटून काही वर्षं झाली होती, मी घाटकोपरच्या एका ऑफिसात नोकरीला लागले होते, तेव्हा एकदा त्या भाजीबाजारात भेटल्या. कोथिंबिरीची जुडी हलवत म्हणाल्या, "धावतेस अजून?" मी नाही म्हटलं. "मग धाव. मला सोबत हवीय." मुंबईत मॅरेथॉन होते आणि तीत बायकाही धावतात हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. "त्या धावतात तर आपल्याला काय धाड भरलीय?" पण चाळिशीला आलेली बाई ट्रॅकपँट घालून हायवेवरून एकटी धावणार, हे त्यांच्या सासूबाईंना चालणारं नव्हतं. माझ्या आईला तर मी अंधार पडल्यावर दळण आणायला गेलेलीही आवडत नसे. मग मिसनी घरी सांगितलं, त्या मुलीला सोबत हवी म्हणून जाते. मी घरी सांगितलं, मिसना सोबत हवी म्हणून जाते. दोन्ही घरांना वाटलं की उपकार आपणच करतोय, आणि आमचा रस्ता मोकळा झाला. शिवाय काका सायकलवरून मागे असत. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते फिटर आहेत, रविवार त्यांच्या सुट्टीचा. पुढच्या टोपलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, केळी, शेंगदाण्याची चिक्की, आणि तोंडात एखाद्या जुन्या गाण्याची शिट्टी.

सुरुवातीच्या महिन्यांतलं मला फक्त दुखणं आठवतं. बुटात अंगठ्याचं नख काळं पडून निघून आलं. कपडे जिथे जिथे घासतात तिथे अंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, आणि हे घरी कुणाला सांगणार... मिसना न सांगताच कळलं, त्यांनी खोबरेल तेलाची एक छोटी बाटली हातात ठेवली आणि दुसऱ्याच विषयावर बोलू लागल्या. मी सलवार-कमीज घालून, ओढणी आडवी बांधून धावायचे. जकात नाक्यावरून सुटलेले ट्रक जवळून जायचे आणि क्लीनर बाहेर लोंबकळून ओरडायचे, "ओ मॅडम, गाडी सुटली काय?" मी मान खाली घालायचे. मिस मात्र हात उंचावून म्हणायच्या, "होय रे, पकडून दे!" लांब पल्ल्याच्या धावण्यात पाय आधी थकत नाहीत, मन थकतं, असं काहीतरी पुस्तकी वाक्य मी एकदा बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझे तर बाबा पायच थकतात. मन कधीचं घरी जाऊन झोपलंय."

पण मग एखादा रविवार असा यायचा की भांडुप मागे पडेपर्यंत श्वासाची खडखड थांबलेली असायची. डावीकडे मिठागरं उजळायला लागायची, आधी पाणी, मग बांध, मग मिठाचे ढीग. खारट कुबट वास यायचा आणि तोही बरा वाटायचा. आमच्या चार पावलांचा एकच आवाज व्हायचा. मिस बोलायच्या थांबायच्या, मी तर बोलतच नसे, आणि कुणाशी न बोलता कुणाबरोबर तरी असणं किती सोपं असू शकतं हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. घरी येऊन मी गड्यासारखी भात खायचे. आई बघत राहायची. पहिल्या वर्षी आम्ही मॅरेथॉनला नाव दिलं नाही, "कच्ची आहेस अजून" म्हणून. दुसऱ्या वर्षी द्यायचं ठरलं.

त्या दुसऱ्या वर्षी गणपती झाले आणि मिस हळू धावू लागल्या. आधी मला वाटलं माझाच वेग वाढलाय, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. मग दिसू लागलं की त्या मध्येच उजव्या बरगडीखाली हात दाबून धरतात. धावणाऱ्यांच्या कुशीत कळ येते, ती आम्हाला शाळेपासून ठाऊक. थोडं वाकायचं, दोन बोटांनी दाबायचं, तोंडानं श्वास सोडायचा. हे मिसनीच शिकवलेलं, आणि आता मी ते मिसना सांगू लागले. त्या गुमान ऐकायच्या. "रात्री उशिरा जेवता तुम्ही, म्हणून होतं," मी म्हणायचे. "बोलण्यात दम घालवू नका मिस, चला. त्या पुलापर्यंत थांबायचं नाही." आयुष्यात मी कुणावर आवाज चढवलेला नाही. ऑफिसात कुणी माझी खुर्ची घेतली तरी मी उभी राहते. पण त्या रस्त्यावर मी मिसवर ओरडायचे, आणि त्या धापा टाकत हसायच्या. "बघा हो," मागे वळून काकांना सांगायच्या, "शाळेत हिच्या तोंडातून येस मिस निघत नव्हतं. आता माझी दुसरी सासू झालीय." काका हसायचे नाहीत. ते आता मागे न राहता अगदी मिसच्या शेजारून सायकल चालवत, आणि शिट्टी बंद झाली होती. मला वाटलं, दोघांचं धावण्यावरून काहीतरी बिनसलंय.

मिस बारीक होत होत्या. लांब धावणारी माणसं बारीक होतातच, त्यात नवल वाटलं नाही. आई म्हणाली, "काय छान फिगर झालीय तुझ्या मिसची. या वयात!" मिस घरी आल्या तेव्हा तिनं त्यांच्यासमोरही म्हटलं, आणि मिसनी पोहे चमच्यानं इकडून तिकडे सारत सांगितलं, "तुम्हीपण या की धावायला." भूक नाही, तर धावण्यानं मरते. झोप येते, तर सराव वाढलाय. मॅरेथॉनच्या सरावात थकण्याला कारण लागत नाही, थकायलाच तर आपण जातो. एका रविवारी कांजूरमार्गच्या पुढे मी बरीच पुढे निघून गेले आणि परत फिरून आले तर काकांनी सायकल मिसच्या पुढ्यात आडवी लावली होती. "नंदा, बस झालं आता." "बस झालं तर घरी जाऊन काय करू? पडून राहू?" "हो, पडून राहा." "सायकल बाजूला घ्या तुम्ही." नवराबायकोचं बोलणं ऐकू नये म्हणून मी मिठागराकडे तोंड करून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

मॅरेथॉनच्या दिवशी आम्ही एकत्र निघालो. थोड्या वेळानं मिस म्हणाल्या, "तू हो पुढे." मी थांबले तर जवळजवळ ढकललंच मला. मी पूर्ण केली. शेवटी रडायला येत होतं आणि येतही नव्हतं, पाय दुसऱ्याच कुणाचे तरी होते. मग मी आणि काका कडेला उभे राहून वाट बघत राहिलो. पाण्याची टेबलं उचलली गेली, दोऱ्या काढल्या, रस्ता गाड्यांना मोकळा झाला. आता येणार नाहीत असं मी दोनदा तरी म्हटलं. आणि मग फूटपाथवरून, बाजारातून येणाऱ्या बायकांच्या मधून, मिस चालत आल्या. चालतच, हात बरगडीखाली. त्यांची नोंद घ्यायला कुणी उरलं नव्हतं. मी पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "सराव कमी पडला, मिस." त्या फूटपाथच्या कडेवर बसल्या, एक घोट घेतला, म्हणाल्या, "होय गो." आणि मग डोळे मिटून बसल्या, खूप वेळ, तोंडावर ऊन घेत. इतकं समाधान मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. मला तेव्हा ते विचित्र वाटलं.

त्यानंतर त्या धावल्या नाहीत. दोन महिन्यांत हॉस्पिटल, पोटात गाठ, यकृतापर्यंत गेलेली, आणि मग ती पहाट. मी भेटायला गेले की मिस ऑफिसातल्या गमती विचारायच्या, माझ्याकडे त्या नसायच्या. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या घरी बायका बसल्या होत्या, तेव्हा सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "धावून धावून पोटाची वाट लागली माझ्या सुनेच्या. कुणी म्हणून अडवली नाही." बघत माझ्याकडे होत्या. मला स्वतःलाच रात्रंदिवस तोच प्रश्न होता... धावण्यानं झालं का? मी ओरडले नसते तर त्या थांबल्या असत्या का, वेळेत डॉक्टरकडे गेल्या असत्या का?

काका मला पोचवायला खाली आले तेव्हा मी हे विचारलं. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. "डॉक्टरकडे गेली असती का म्हणजे? गणपतीच्या आधीच गेलो होतो आम्ही. तेव्हाच कळलं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "गणपतीच्या आधी? म्हणजे मॅरेथॉनच्या आधी?"

"डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. कापाकापी करून अंथरुणात थोडे महिने जास्त काढेल, बाकी काही नाही. ती म्हणाली, मग नको."

"आणि मला का नाही सांगितलं, काका?"

"मी म्हणत होतो सांगूया पोरीला. ऐकेना." ते कठड्यावरून हात फिरवत होते. "मी तिला बादली उचलू देत नव्हतो. जिना चढायला लागली की मागे हात धरून चालायचो. वैतागायची माझ्यावर. म्हणाली, तिला सांगितलंत तर तीपण तुमच्यासारखीच होईल. हळू धावेल माझ्यासाठी. रस्त्यात एक पोर माझ्यावर ओरडते, तेवढी तरी राहू दे."

काकांनी हे नंतर सासूबाईंनाही सांगितलं, आणि मी लिहू का असं विचारल्यावर "लिही" म्हणाले. म्हणून लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असं म्हणतात, पण त्या दिवशी घरी जाताना मला मिसचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. "सराव कमी पडला" हे त्यांनी मला बोलू दिलं. कुशीत दोन बोटं दाबायला सांगणाऱ्या मला त्यांनी अडवलं नाही. त्या सगळ्या रविवारी तिघांपैकी दोघांना काय चाललंय ते माहीत होतं, आणि सोबत म्हणून नेलेली मी एकटीच मिठागरं बघत होते. मला सांगितलं असतं तर मी हळू धावले असते का? धावले असते. पाण्याची बाटली मीच धरली असती, पुलापर्यंत चला म्हणायची हिंमत झाली नसती. म्हणजे मिसनी मला बरोबर ओळखलं होतं, आणि राग त्याचाच जास्त येतो. त्यांचं म्हणणं मला समजतं. पटत नाही. त्यांना हवं ते माझ्याकडून मिळालं याचं मला बरंही वाटतं, आणि ते न विचारता घेतलं याचं वाईटही. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि कुणाला विचारावं तर विचारायचं माणूसच राहिलं नाही.

गेल्या रविवारी मी एकटी धावायला गेले. आईनं विचारलं, "सोबत?" मी म्हटलं, आहे. काकांना कळवलं नाही. भांडुप गेलं, कांजूरमार्ग गेलं, विक्रोळीही मागे पडली. श्वास लागला होता, पाय चालत होते, मी पुढे पुढे जात राहिले. कुठून परत वळायचं हे नेहमी मिस ठरवायच्या. एखादा दिव्याचा खांब, बंद पडलेला ट्रक, कधी काहीच नाही... मनात आलं की त्या हात वर करून हवेत गोल फिरवायच्या आणि आम्ही वळायचो. इथेच का, असं मी कधी विचारलं नाही. त्या दिवशीही मी तो हात वर व्हायची वाट बघत धावत होते, हे सायन जवळ आल्यावर, बसस्टॉपवरची माणसं माझ्याकडे टक लावून बघू लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. ऊन चांगलंच वर आलं होतं. मी उभी राहिले, आणि मग वळले. परत येताना मी अगदी हळू धावले. कुणी ओरडलं नाही.