मेरेवरचा फणस

बाळांनो, आज फणस चिरताना हाताला चीक लागला आणि मुळगावची ती सकाळ आठवली. मेरेवरचा, म्हणजे दोन वाट्यांमधल्या बांधावरचा, आमचा फणस तोडणार नाही, असं माझ्या धाकट्या दिरांनी देवळात नारळ ठेवून सांगितलं होतं. त्या सकाळी त्यांनीच बुंध्याभोवतीची हातभर साल सोलून काढली. उघड्या लाकडावरून पांढरा चीक ओघळत होता.

"वयनी, झाड तोडलां खंय? साल तेवडी काडली!" दीर हसले.

"सालीखालच्या पातळ थरानेच खोड जाड होतं. तोच खरवडलात. मुळांचं अन्न तोडलंत."

"पानां हिरवीं आसत न्हय?"

गावानेही पानंच पाहिली. शिमग्यापर्यंत फणस वठला.

तेव्हा वाटलं, त्यांना समजावायला हवं. आज कळतं, त्यांना सगळं ठाऊक होतं. चतुर्थीला ते अजून येतात. मी दार उघडत नाही.