गोपनीय पानाचा कोपरा

वडिलांच्या सेवापुस्तकाची नक्कल हवी होती म्हणून मी सरकारी अभिलेखागारात गेले होते. तिथल्या कारकुनाने चहा मागवला आणि पाहुणचार म्हणून कपाटातून एक फाईल काढली.

"बसा हो ताई, एक गंमत दाखवतो. मोठ्या बाईंची आहे."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या जिल्ह्यात गावोगाव मुलींच्या शाळा नेणाऱ्या शिक्षणाधिकारी. चौकाला त्यांचं नाव आहे. फाईलवर लाल शाईत 'गोपनीय' असा शिक्का होता. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगलेली.

फाईल आपोआप एका पानावर उघडली. रजेचा अर्ज होता, बाईंच्याच अक्षरातला. 'मन थाऱ्यावर नाही, उपचारासाठी तीन महिने मिळावेत.' त्या पानाचा कोपरा बोटांनी काळा पडला होता. पुढचे शाळांचे अहवाल मात्र कोरे करकरीत.

माझं डोकं फिरलं. "हे सगळ्यांना दाखवता?"

"सगळ्यांना कुठं? ओळखीच्यांनाच," तो दुखावून म्हणाला. "आणि बाई तर कधीच गेल्या."

गेल्या म्हणून त्यांचं दुखणं सरकारजमा झालं का? या कपाटांना वाळवी लागू नये म्हणून औषध मारतात. माणसं लागली, त्यांचं काय करायचं?

फाईल त्याच्यापुढे आपटून मी तरातरा निघाले. जिना उतरताना लक्षात आलं, बाईंचा अर्ज मला शब्दन् शब्द पाठ झाला होता. अहवालाची एक ओळही मी वाचली नव्हती.